पिंपळाच्या पानांनी ब्लॉकेज जात नाही

‘९९ टक्के ब्लॉकेजही दूर करते पिंपळाचे पान’ या मथळ्याचा, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांवरचा (ब्लॉकेजवरचा) एक संदेश गेली अनेक वर्षे मोबाईलवरून फिरतो आहे. पिंपळाची १५ कोवळी पण पूर्ण वाढलेली पाने घ्यावीत, त्यांचे देठ आणि टोके कापावीत, पेलाभर पाण्यात उकळून एक तृतीयांश उरेपर्यंत आटवावे आणि तो काढा सकाळी तीन वेळा असा सलग १५ दिवस प्यावा, एवढा तपशील त्यात असतो. पुढे त्याला आणखी दावे चिकटत गेले: ईसीजी नॉर्मल असेल तर हृदय ठीक समजावे, अँजिओग्राफी (वाहिन्यांतील अडथळा दाखवणारी तपासणी) करू नये, कारण ती केली की स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घालतातच आणि तो केवळ धंदा आहे, एकटे असताना झटका आला तर जोरजोराने खोकत राहावे, आणि काढा सुरू केल्यावर ‘इंग्रजी औषधे’ हळूहळू बंद करावीत. मी हृदयरोग केंद्रात काम करणारा डॉक्टर आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात हा संदेश दाखवून ‘डॉक्टर, यात तथ्य किती?’ असे विचारणारे रुग्ण आठवड्यातून एकदा तरी भेटतात. त्यांना मी जे सांगतो, तेच येथे सविस्तर लिहितो आहे.

मूळ दाव्यामागे एक चित्र आहे. मोरीच्या नळीत मळ साचावा आणि गरम पाण्याने किंवा एखाद्या द्रवाने तो वाहून जावा, तसे रक्तवाहिनीत चरबी साचते आणि काढ्याने ती धुऊन निघते, असे ते चित्र. वस्तुस्थिती तशी नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात, आणि त्यांतील अडथळा पोकळीत साचलेला नसून भिंतीच्या आत, तिच्या नाजूक अस्तराखाली वाढलेला असतो. त्यात कोलेस्टेरॉल असते, ते गिळून फुगलेल्या पेशी असतात, तंतुमय ऊती असते आणि जुन्या अडथळ्यांत कॅल्शियमही साठलेले असते. ही प्रक्रिया तरुणपणीच सुरू होते आणि दशके चालते. प्यायलेला काढा आतड्यांतून शोषला जातो, यकृतातून जातो आणि मग त्यातील काही घटक रक्तात पोहोचतात. रक्तातून वाहणारी कोणतीही गोष्ट भिंतीच्या आतील हा घट्ट थर पंधरवड्यात धुऊन काढू शकत नाही.

मग हा थर औषधांनी कमीच होत नाही का? होतो, पण किती, ते आकड्यांत पाहिले पाहिजे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्टेरॉइड’ या अभ्यासात रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे प्रभावी औषध दररोज ४० मिलिग्रॅम या मोठ्या मात्रेत दोन वर्षे दिले गेले आणि रोहिणीच्या आत अल्ट्रासाउंडची सूक्ष्म नळी घालून थराचे मोजमाप केले गेले. रुग्णांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल सरासरी १३० वरून सुमारे ६१ वर आले, म्हणजे निम्म्याहून खाली. तरीही भिंतीतील थराचे प्रमाण सरासरी सुमारे एक टक्क्याने कमी झाले. आहार, व्यायाम आणि ध्यान यांवर भर देणारा अमेरिकेतील १९९० चा प्रसिद्ध अभ्यास घेतला, तरी अत्यंत कडक शाकाहारी आहार वर्षभर पाळणाऱ्यांचे रोहिण्यांतील सरासरी अडथळा ४०.० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला होता. मी हे आकडे आहार किंवा औषधे निरुपयोगी आहेत असे म्हणण्यासाठी देत नाही. उलट, हा थोडासा फरक आणि थराचे स्थिर होणे, त्याचे वरचे आवरण जाड आणि मजबूत होणे, यांमुळेच पुढचे झटके टळतात. मात्र ज्या कामात दोन वर्षांच्या कसोशीने एक टक्का साधतो, तेथे १५ दिवसांत ९९ टक्क्यांचे आश्वासन देणाऱ्याने पुरावा दाखवायला हवा. काढ्याआधीची आणि नंतरची अँजिओग्राफी शेजारीशेजारी ठेवलेली या संदेशात कधीही दिसत नाही.

पिंपळाचे पान हृदयाच्या आकाराचे आहे, म्हणून निसर्गाने तसा संकेत दिला आहे, असेही संदेशात म्हटलेले असते. शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष पाहिलेले हृदय पत्त्यातल्या बदामासारखे दिसत नाही. पिंपळाविषयीची आपली श्रद्धा मला परकी नाही, आमच्याही घराशेजारी पार आहे. पण त्या श्रद्धेचा आधार घेऊन रोगनिदान टाळायला लावणे मला गैर वाटते.

निदानाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘ईसीजी नॉर्मल आला, आता काळजी नाही’ हे वाक्य हा संदेश न वाचलेल्या सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. ईसीजी म्हणजे हृदयातील विद्युत हालचालीची सुमारे दहा सेकंदांची नोंद. रुग्ण शांत पडलेला असताना, कळ थांबलेली असताना काढलेला आलेख एखाद्या रोहिणीत ८० टक्के अडथळा असूनही पूर्णपणे नॉर्मल येऊ शकतो. एवढेच नव्हे, तर झटका सुरू असतानाही पहिला आलेख बोलका नसतो असे अनेकदा घडते. म्हणूनच छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत काढावा आणि शंका असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा, असा नियम आहे. त्याच्या जोडीला रक्तातील ट्रोपोनिन पाहतात. हे प्रथिन हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरते, पण त्याला काही तास लागतात. त्यामुळे कळ सुरू होऊन अर्ध्या तासात केलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून रुग्णाने घरी जाणे धोक्याचे असते. दुसरा नमुना देईपर्यंत थांबावे लागते, आणि या थांबण्याचा अनेक नातेवाइकांना राग येतो, तो मी समजू शकतो.

बाकीच्या चाचण्यांचेही तसेच आहे, प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. टूडी एको हृदयाचे स्नायू किती जोराने आकुंचन पावतात आणि झडपा नीट उघडतात-मिटतात का, हे सांगते. रोहिणीतील अडथळा ती थेट दाखवत नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये पट्ट्यावर चालताना वाढलेली रक्ताची मागणी पुरवली जाते का ते कळते, पण तीही कधी खोटा इशारा देते आणि कधी खरा आजार चुकवते. सीटी अँजिओग्राफी मध्यम शंका असलेल्या रुग्णात ‘अडथळा नाही’ हे बऱ्याच खात्रीने सांगू शकते. तरीही कोणतीही चाचणी लक्षणांपासून तोडून वाचता येत नाही. चढ चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते आणि थांबल्यावर पाच मिनिटांत ते जाते, एवढे रुग्णाचे स्वतःचे वाक्य कधीकधी नॉर्मल आलेल्या ईसीजीपेक्षा अधिक वजनाचे ठरते. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत तर कळ नसतेच असेही होते. दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, दरदरून घाम फुटतो आणि घरी सगळे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पाजत बसतात.

आता धंद्याचा आरोप. तो मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात एक खरा धागा आहे. श्रमाने येणारी, पण स्थिर असलेली छातीतली कळ हा एक प्रकार आणि प्रत्यक्ष झटका हा दुसरा. संदेश लिहिणाऱ्याने या दोहोंची सरमिसळ केली आहे. स्थिर आजाराबाबत २००७ चा ‘करेज’ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’ हे मोठे अभ्यास स्पष्ट सांगतात की, योग्य औषधोपचार घेणाऱ्या बहुतेक रुग्णांत स्टेंट घातल्याने आयुष्य वाढत नाही. कळ मात्र अधिक चांगली आटोक्यात येते. डाव्या मुख्य रोहिणीतील अडथळा किंवा हृदयाची क्षमता बरीच घटलेली असणे अशा स्थितींचा विचार वेगळा करावा लागतो आणि काहींना बायपास अधिक हितकर ठरते. तेव्हा स्थिर आजाराच्या रुग्णाला ‘आजच्या आज स्टेंट घ्या’ असे कोणी सांगितले, तर त्याने कारण विचारावे, अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरे मत घ्यावे. तो त्याचा हक्क आहे. स्टेंटच्या किमतीबाबतचा राग तर पूर्वी रास्तच होता. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी औषधलेपित स्टेंटसाठी लाखभर रुपये घेतले जात असत. आज महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा (फुग्याने, बहुधा स्टेंट घालून, वाहिनी उघडण्याचा) समावेश आहे, याची विचारपूस कर्ज काढण्याआधी करावी.

पण यावरून ‘अँजिओग्राफीच करू नका’ असा निष्कर्ष निघत नाही. अँजिओग्राफी ही तपासणी आहे. मनगटातून बारीक नळी घालून ती होते, गंभीर गुंतागुंत शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत होते आणि तिचा अहवाल पाहून ‘फक्त औषधे पुरेत’ असा निर्णय आम्ही नेहमी देतो. अडथळा ६० टक्के दिसतो, पण तो खरोखर रक्तपुरवठा रोखतो का अशी शंका असेल, तर दाब मोजणारी तार घालून एफएफआर (अडथळ्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबाचे गुणोत्तर) काढता येतो, तो ०.८० पेक्षा अधिक असेल तर सहसा स्टेंट लागत नाही.

झटक्यात मात्र हिशेब वेगळा असतो. तेथे भिंतीतील थर फाटतो आणि त्यावर रक्ताची गाठ बसून वाहिनी अचानक बंद होते. फाटणारा थर बहुधा फार मोठा नसतोही, म्हणूनच ‘परवाच सगळे नॉर्मल होते’ असे घडते. सुमारे अर्ध्या तासानंतर स्नायू मरायला लागतो आणि पुढील काही तासांत हानी वाढत जाते. रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी व्हावी आणि ती वेळेत शक्य नसेल तर गाठ विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच द्यावे, हा सर्वमान्य नियम आहे. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्र मानून परिघावरच्या रुग्णालयांतून ईसीजी पाठवण्याची आणि तेथेच इंजेक्शन देण्याची व्यवस्था याच कारणासाठी उभी राहिली. अडचण रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची आहे. भारतातील ८९ रुग्णालयांतल्या सुमारे २१ हजार रुग्णांची ‘क्रिएट’ नोंदवही २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठण्यास लागलेला मध्यक कालावधी (निम्म्यांना याहून अधिक, निम्म्यांना कमी) ३६० मिनिटे होता. सहा तास! त्या सहा तासांत काढा उकळला जातो, गॅसची गोळी दिली जाते आणि सकाळ होण्याची वाट पाहिली जाते.

खोकण्याच्या सल्ल्याचे मूळ कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, आहे. मॉनिटरसमोर असलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाचे ठोके अचानक बिघडले तर विजेचा धक्का देणारे उपकरण सज्ज होईपर्यंत काही क्षण त्याला खोकायला सांगतात. घरी झटका आलेल्या बहुतेकांचे हृदय चालूच असते, त्यांना खोकण्याचा उपयोग नाही. आणि ज्याचे हृदय थांबते तो काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, तो खोकणार कसा? झटक्याची लक्षणे जाणवणाऱ्याने आधी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा, दार उघडून ठेवावे, शेजाऱ्याला हाक मारावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटातून रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यावी. १९८८ च्या एका अभ्यासात १७,१८७ रुग्णांत ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले होते.

राहिला औषधे बंद करण्याचा सल्ला, आणि तो मला संदेशातला सर्वांत घातक भाग वाटतो. स्टेंटनंतर दिल्या जाणाऱ्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही डॉक्टरांना न विचारता मध्येच थांबवली, तर स्टेंटमध्येच गाठ होण्याचा धोका वाढतो. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. स्टेंटला चार महिने झाले होते. त्यांनी काढ्याच्या भरवशावर गोळ्या सोडल्या आणि अकराव्या दिवशी पहाटे त्यांना दुसरा झटका आला. त्यांचा मुलगा त्यांना वेळेत घेऊन आला म्हणून ते वाचले. पण त्यांच्या हृदयाची आकुंचनक्षमता ५५ वरून ३५ टक्क्यांवर उतरली आणि आता एक जिना चढतानाही त्यांना मध्ये थांबावे लागते. काढा सुरू करताना त्यांनी आम्हाला फोन केला असता, तर आम्ही त्यांना काढा पिऊ नका असे कदाचित म्हटलेही नसते. गोळ्या सोडू नका, एवढेच सांगितले असते.