फाटीं पुराय खाली आसा

गोव्यात 'फुल' हा शब्द कशालाही लावता येतो. पेट्रोलची टाकी फुल. जत्रेतलं नाटक फुल. चतुर्थीच्या दिवसांत कोकण रेल्वे फुल. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि चहात साखर ढवळेपर्यंत मिटतं. डिसेंबरात कळंगुटच्या खोल्या फुल, आणि त्या खोल्यांतून मध्यरात्री बाहेर पडणारी मंडळी तर फुल्लच. फक्त एक वस्तू या भूमीवर कधी फुल होत नाही, ती म्हणजे फोंडा-पणजी मार्गावरची खासगी बस.

माझं घर फोंड्याला आणि कचेरी पणजीला, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. बसमध्ये पुढच्या बाजूला बसणारे किती आणि उभे किती, असं रंगवलेलं असतं. तो आकडा वाचायचा तर मान वर करावी लागते, आणि मान वर करण्याइतकी जागा असली तर तो आकडा वाचायची गरजच नसते. फर्मागुडी येईपर्यंत माझा एक हात दांडीवर, दुसरा दुसऱ्याच कुणाच्या पिशवीखाली आणि डबा तिसऱ्याच्या मांडीवर असतो. तेवढ्यात दारातून हाक येते, "फाटीं सर रे पात्रांव! फाटीं पुराय खाली आसा!" म्हणजे मागे सरक रे बाबा, मागे सगळं रिकामं आहे.

ही 'फाटीं' नावाची जागा मी पाहिलेली आहे. तिथे खाली नसतं. तिथली माणसं आमच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "फुडें खाली आसा." पण कंडक्टर खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. 1911 साली रुदरफर्ड साहेबांनी जाहीर केलं की अणूच्या मधोमध एवढासा गाभा असतो आणि बाकी सगळी बहुतेक पोकळीच. माणसं अणूंचीच बनलेली. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने बस खालीच असते. आमच्या कंडक्टरला एवढंच दिसतं की रुदरफर्डना जी पोकळी सापडली तिच्यात अजून कुंडईचे चौघे मावतील.

अशा अवस्थेत माणसाला वाचता येत नाही, मोबाइल काढता येत नाही, खाजवताही येत नाही. उरतो तो विचार, आणि मी आपला या शब्दाचाच विचार करत बसतो (बसतो म्हणजे उभा राहतो). इंग्रजी 'फुल' आणि आपलं 'पूर्ण' ही एकाच कुळातली भावंडं. आपल्याकडे जिथे 'प' तिथे त्यांच्याकडे 'फ', पितृचा फादर झाला तसंच हे. लॅटिनचा 'प्लेनुस' त्याच घरातला, आणि त्याचा पोर्तुगीज वारस 'शेयु'. म्हणजे 451 वर्षं इथे पोर्तुगीज होते तेव्हा 'शेयु' होता, देवळात 'पूर्ण' होताच, नंतर 'फुल' आला. एका अर्थाचे तीन नातेवाईक एवढ्याशा गोव्यात नांदले आणि तिघांनाही बसमध्ये चढता आलं नाही.

इंग्रज स्वतः हा शब्द फार जपून वापरतात असंही नाही. अंगात उत्साह मावत नसेल तर माणूस घेवड्याच्या दाण्यांनी फुल ('फुल ऑफ बीन्स'). स्वतःचीच आरती ओवाळत असेल तर स्वतःनेच फुल. आणि थापा मारत असेल तर नुसता 'त्याने' फुल. 'ते' काय, हे सभ्य माणसं उच्चारत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर्र झालेला माणूस अंड्यासारखा फुल असतो. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये मात्र उपमेची गरजच नाही, तिथल्या भाषांत 'फुल' या शब्दाचा एक अर्थ सरळ 'प्यायलेला' असाच आहे. आमच्या गावचा माणूस तिथे पोहोचला तर हवामान सोडून दुसरी काही अडचण येऊ नये.

बाटलीपाशी हा शब्द सगळ्यात काटेकोर व्हायला हवा, पण तिथेही गोंधळ आहेच. फुल म्हणजे 750 मिली, हाफ म्हणजे 375, इथवर हिशेब चोख. पण क्वार्टर 180. चार क्वार्टर घेतल्या तर 720 होतात. एक छोटा पेग मधल्या मध्ये गायब! पाव पाव करून पूर्ण होत नाही, हे गणित शाळेत कुणी शिकवलं नाही. ते 30 मिली बहुधा 'फाटीं' असणार.

मागे सांगलीहून आत्या आली होती. तिला मंगेशीला न्यायचं म्हणून मी, ती आणि माझी दोन्ही पोरं अशी वरात याच बसमध्ये. मी पैसे पुढे करून म्हटलं, "दोन फुल, दोन हाफ." आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दांडी सुटली.

"अरे, पोरांसमोर? आणि देवाला निघालोय आपण!"

वाटेत लागलेल्या बारच्या पाट्या तिने एकूण एक वाचलेल्या होत्या, त्यामुळे तिचाही दोष नाही. कंडक्टर मात्र खूश. "आजी, हांगा फकत तिकेटी मेळटात," असं म्हणून त्याने तिला ड्रायव्हरच्या शेजारच्या फळीवर बसवलं. ती जागा तोवर मला कुणी दाखवली नव्हती.

त्याच प्रवासात म्हार्दोळला एक फुलवाली चढली. म्हार्दोळची जाई म्हणजे काय, हे म्हाळसेच्या देवळातली जायांची पूजा पाहिलेल्यांना सांगायला नको. टोपली डोक्यावर, आणि बसचं छत टोपलीवर. आत्या ओरडली, "अहो, बस फुल आहे!" कंडक्टर मागे वळून म्हणाला, "हय, हय, फुलां वयर दवरता." (हो, हो, फुलं वर ठेवतो.) देवनागरी लिपीला इंग्रजी 'फुल' आणि मराठी 'फूल' यांत फक्त उकाराएवढा फरक, म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा, दात लावून म्हणायचा 'फ' आणि ओठ मिटून म्हणायचा 'फ' तिला एकच. कंडक्टरने त्याचा फायदा घेतला की त्याला खरंच तसं ऐकू आलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मंगेशीपर्यंत मात्र बसमध्ये घामाऐवजी जाईचा वास होता. कुणी खिडकीसुद्धा उघडायला लावली नाही.

मडगावकरांचा मला हेवा वाटतो. त्यांना पणजीला जायला कदंबची, म्हणजे सरकारी, शटल बस आहे. खिडकीवर तिकीट, उभं राहायला मनाई, जागा भरल्या की दार बंद आणि गाडी चालू. तिथे फुल म्हणजे फुल. पण शटलसाठी मडगावला राहायला जायचं तर घरच्यांना कारण काय सांगू?

संध्याकाळचा प्रकार वेगळाच. पणजीच्या स्टँडवर आमची बस उभी असते, आणि ती खरोखर, डोळ्यांनी दिसेल अशी खाली असते. मी खिडकीची जागा घेतो, पाय पसरतो, डबा शेजारच्या सीटवर ठेवतो. कंडक्टर दारात "फोंडा फोंडा फोंडा" करत असतो. ड्रायव्हरच्या जागी नुसता टॉवेल. इंजिन चालू. बराच वेळ होतो. शेवटी मी विचारतो, "बस केन्ना सुटतली रे?"

तो माझ्याकडे, मग माझ्या डब्याकडे बघतो आणि म्हणतो, "फुल जातकच." (फुल झाल्यावरच.)