परत गॅस भरला, परत गरम हवा!

जुन्या गाडीचा एसी थंड करत नाही म्हटलं की प्रत्येक मेकॅनिकचं एकच, गॅस भरून टाकू. अरे पण गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, ते आधी शोधा ना! त्यात गाडी जुन्या आर-१२ गॅसवाली, हे सरळ नंतर आलेला आर-१३४ए गॅस भरतात, कॉम्प्रेसरमधलं जुनं मिनरल ऑइल त्या गॅसबरोबर नीट फिरतच नाही, मग कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम. ओ-रिंग म्हणजे जोडांमधली रबरी सील बदला, ओलावा शोषणारा ड्रायर बदला, आतली हवा-ओलावा काढायला अर्धा तास तरी व्हॅक्यूम लावून ठेवा म्हटलं की तोंडं वाकडी. तिसऱ्यांदा झालंय हे आणि दर वेळी सगळा गॅस हवेत, खरंच संताप होतो.