लसीकरणाच्या ‘६७ टक्क्यां’बाबत खुलासा

‘गणिती प्रारूपानुसार ६७ टक्के लोकांनी लस घेतली की साथ थांबते, उरलेल्यांना लशीची गरज नाही’ हा सध्या फिरणारा दावा दिशाभूल करणारा आहे. कोणाच्याही अंगी आधीची प्रतिकारशक्ती नाही आणि एक रुग्ण सरासरी तिघांना बाधित करतो, असे गृहीत धरून काढलेला हा आकडा प्रत्यक्ष संरक्षण मिळालेल्यांचा आहे, लस टोचलेल्यांचा नव्हे. संसर्ग रोखण्यात लस ८० टक्के परिणामकारक असेल, तर ती सुमारे ८३ टक्के लोकांना द्यावी लागते; ६० टक्केच असेल, तर सर्वांना देऊनही तो टप्पा गाठता येत नाही. शिवाय सगळे लोक एकमेकांत सारखेच मिसळतात, हेही यात मानलेले असते. लस न घेतलेले एकाच वस्तीत एकवटले, तर एकूण टक्केवारी कितीही चांगली दिसली तरी तिथे उद्रेक होऊ शकतो, आणि हीच बाब मला सर्वांत चिंतेची वाटते.