डिप्लोमावरच थांबलास?

गेल्या रविवारी ताईचा फोन. भाच्याचा मिरजेतून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय आणि विश्रामबागेतल्या घरात दोन पक्ष पडलेत. दाजी म्हणतात डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला घालू, सांगलीचं वालचंद कॉलेज मिळालं तर सोनंच, नाहीतर मिळेल तिथं. भाचा म्हणतो, मला नोकरी करायचीय. "तू जर्मनीत आहेस, तूच सांग त्याला," ताई म्हणाली. म्हणजे डिग्रीच्या बाजूनं सांग.

मला ते जमलं नाही.

इथल्या कारखान्यात नवीन असताना मोटर चालवणाऱ्या, बंद पडलेल्या एका ड्राइव्हचं पॅनेल उघडून मी हात घालायला गेलो. मागून टेक्निशियन ओरडला. मेन स्विच बंद केला की झालं, असं मी धरलं होतं. आतले कपॅसिटर नंतरही काही मिनिटं चार्ज धरून बसतात. सप्लाय तोड, परत कुणी चालू करणार नाही अशी सोय कर, व्होल्टेज नाही हे मोजून बघ, अर्थिंग करून शॉर्ट कर, शेजारचे चालू भाग झाक. ह्या पाच गोष्टी, ह्याच क्रमानं, त्यानं माझ्याकडून पाढ्यांसारख्या म्हणून घेतल्या. इंजिनिअर मी होतो. आपल्याकडं साहेबाला असं दरडावायची कुणाची टाप आहे?

हा माणूस कॉलेजात गेलेला नाही. साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग केली: काही दिवस कारखाना, काही दिवस शाळा, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पैसे. पुढं तो माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन त्या कामातला उस्ताद झाला. जर्मनीच्या पात्रता-चौकटीत माइस्टर आणि बॅचलर दोघंही सहाव्या पायरीवर आहेत. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर अण्णांच्या मुलखाला ही कल्पना परकी वाटू नये. अण्णांच्या 'कमवा आणि शिका'त श्रमातून शिक्षणाचा खर्च निघायचा. इथं कामावरच निम्मा अभ्यास होतो, एवढाच फरक.

पण दाजी चुकतात असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. डिप्लोमानंतर मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं सव्वा वर्ष होतो. गेटपासवर टेक्निशियन, पगार वीस तारखेनंतर. मागून आलेला डिग्रीवाला पहिल्या दिवसापासून कंपनीच्या रोलवर. त्या रागात मी डिग्री केली, ज्ञानासाठी वगैरे नाही. आणि जर्मनीचं गुणगानही बेतानंच करावं. इथं बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षीच पोरांच्या शाळा वेगळ्या होतात. मॅन्युअल नसताना बोर्ड दुरुस्त करणाऱ्या आपल्या मिस्त्रीला कागदाशिवाय इथं कुणी पॅनेल उघडू देणार नाही. विशीत परत डिग्रीला जायचं आपलं ते सेकंड इयरचं दार, त्याची किंमत मला इथं आल्यावर कळली.

म्हणून भाच्याशी डिप्लोमा की डिग्री हे बोललोच नाही; नोकरी कसली, ते विचारलं. पुण्यात असेंब्ली लाइनवर दिवसभर एकच बोर्ड तपासणीच्या साच्यात, जिगमध्ये ठेवून हिरवा दिवा बघायचा असेल, तर दाजींचं ऐक. दोन वर्षांनी हातात काही राहत नाही. पण डॉक्टर वॉनलेस 1894 मध्ये मिरजेत दवाखाना काढून बसले तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचं आहे; मॉनिटर, डायलिसिस, एक्स-रेची यंत्रं कुणीतरी चालू ठेवावीच लागतात. साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, उंचीची भीती नसेल तर. रेल्वेच्या सिग्नल-टेलिकॉमच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला डिप्लोमा चालतो. आणि साखर कारखान्यातलं इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाच्या यंत्रणेचं काम आहे. पगार सुरुवातीला बेताचा, पण बॉयलरपासून साखर तयार होते त्या पॅनपर्यंत सगळं हाताखालून जातं.

शेवटी सहज विचारलं, "सेन्सरचा सिग्नल चार ते वीस मिलीअँपिअर का असतो रे? शून्यापासून का नाही?"

"तार तुटली तर शून्य येणार ना, मामा. मग टाकी रिकामी आहे का तार तुटली, हे कळणार कसं?"

"पुस्तकात होतं?"

"असेल. मला कारखान्यातल्या फिटरकाकांनी सांगितलं, ट्रेनिंगला होतो तेव्हा."

ताईला परत फोन करायचाय. दाजी उचलतील म्हणून अजून केलेला नाही.