काका, ते गाणं गुलामानं लिहिलेलं नाही

काका, रविवारी सकाळी तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड एरवी अंगठा देऊन सोडून दिला असता. पण ताईची मुलगी व्हर्जिनियात सातवीत शिकते, आणि तिकडच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी तिला तोच मजकूर भाषण म्हणून पाठ करायला दिलाय. हे कळल्यावर मात्र गप्प बसवेना.

ज्यांना तो अजून आला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत जेम्स ब्लँड नावाचा एक गुलाम होता. मालकानं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. सुटका झाल्यावर मालकाच्या आठवणीनं रडत त्यानं 'कॅरी मी बॅक टू ओल्ड व्हर्जिनी' लिहिलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिक ते गात. त्यानं ७०० गाणी रचली. शेवटी तो कंगाल मेला. आजही ते व्हर्जिनियाचं राज्यगीत आहे. आणि खाली ठळक अक्षरांत: 'गुलामगिरीतही माया होती.'

पहिल्या वाक्यापासूनच बोंब आहे. जेम्स ब्लँडचा जन्म १८५४ चा, न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंगचा. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ सालीच संपली होती. आईवडील स्वतंत्र. वडील ॲलन ब्लँड कॉलेजात शिकलेले, पुढे वॉशिंग्टनला सरकारी पेटंट ऑफिसात नोकरीला. पोरगा हॉवर्ड विद्यापीठात गेला, पण त्याचं लक्ष सगळं बँजोत. म्हणजे तुमचा हा 'गुलाम' पेटंट ऑफिसातल्या नोकरदाराचा, नाटक कंपनीत गेलेला मुलगा. असे आपल्या नात्यातही दोन निघतील.

मग गाण्यात मालक-मालकीण आणि त्यांच्यासाठी झुरणारा म्हातारा आला कुठून? रंगमंचावरून. त्या काळी तिकडे मिन्स्ट्रेल शो तुफान चालत. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसांची नक्कल करायचे. युद्धानंतर काळ्या कलाकारांच्या कंपन्या निघाल्या, तर त्यांनाही बऱ्याचदा तीच काजळी फासून उभं राहावं लागे. तिकीट काढणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकाला हवा असायचा कापसाच्या मळ्याची आठवण काढून उसासे टाकणारा म्हातारा. ऐन विशीतल्या ब्लँडनं तो म्हातारा लिहिला, कारण तो खपत होता. पेशवाईतल्या शाहिरांनी विरहिणीच्या तोंडी लावण्या घातल्या, म्हणून ते स्वतः माडीवर उभे राहून नवऱ्याची वाट बघत होते असं आपण म्हणतो का? मग इथे नटाच्या तोंडचं वाक्य साक्षीपुरावा कसं झालं?

आणि 'माया होती' हे पुण्यातून फॉरवर्ड होतंय! याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' काढलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. ब्लँडचं गाणं छापलं जाण्याच्या पाच वर्षं आधी.

सैनिकांचं तर एका ओळीत निकालात निघतं. गाण्याची छापील प्रत बोस्टनच्या जॉन एफ. पेरी यांची, साल १८७८. युद्ध संपलं १८६५ ला, तेव्हा ब्लँड दहा वर्षांचा होता. सैनिक गात होते ते याच नावाचं त्याहून जुनं, १८४० च्या दशकातलं गाणं.

७०० गाणी हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याच्या नावावर नोंदलेली पन्नासच्या आसपास. तेवढीही काही कमी नाहीत.

राज्यगीत? १९४० ला झालं होतं, हे खरं. पण डग्लस वाइल्डर हे काळे सिनेटर १९७० साली व्हर्जिनियाच्या सभागृहात त्याविरुद्ध उभे राहिले, आणि १९९७ ला ते मानानं निवृत्त केलं गेलं. 'आजही' हा शब्द खोडा.

आता नाइलाजानं एक कबूल करतो. तो कंगाल मेला हे फॉरवर्डमधलं वाक्य खरं आहे. १८८१ ला कंपनीबरोबर लंडनला गेला, तिथे गाजला, कंपनी परतली तरी मागे राहिला, आणि तिकडे काजळी न फासता गायला. पैसा आला तसा गेला. परत आला तोवर मिन्स्ट्रेलचे दिवस सरले होते. १९११ ला फिलाडेल्फियात क्षयानं गेला. कबरीवर कित्येक वर्षं दगडसुद्धा नव्हता. ती शोधून काढली १९३९ साली. गंमत म्हणजे त्याच शहरात दर १ जानेवारीला ममर्सची (म्हणजे सोंगं घेतलेल्या हौशी कलाकारांची) मिरवणूक निघते आणि तिच्यात त्याचंच 'गोल्डन स्लिपर्स' हे गाणं वाजतं.

भाचीला फोन केला होता. भाषण तीन मिनिटांचं आहे. पेटंट ऑफिसचं वाक्य पहिलं घ्यायचं ठरलंय. काका, तुम्ही ग्रुपवरचा तो मेसेज तेवढा डिलीट करा.