गुणी बाळांनो, बायोडाटा असा लिहा

आंब्याचा सीझन तोंडावर आला की रत्नागिरीकडे कॅनिंगमध्ये, म्हणजे आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत, सुपरवायझर, क्यूसी (मालाचा दर्जा तपासणारा), स्टोअरकीपरच्या जागा निघतात. यंदाच्या अर्जांचा गठ्ठा नुकताच वाचून संपवला. झाडून सगळे मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर आणि टीममध्ये काम करणारे. जिल्ह्यात औषधालाही आळशी माणूस उरला नाही, हे कळून ऊर भरून आला. पुढच्या उमेदवारांसाठी हा सल्ला.

गुण स्वतः शोधत बसू नका. एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार नमुना असतो. नाव तेवढं बदला. आधीच्या पोराची जन्मतारीख राहिली तरी हरकत नाही.

'वीकनेस'खाली 'मी परफेक्शनिस्ट आहे' हेच लिहा. आम्ही दरवर्षी फसतो.

उंची, वजन, रास, नाडही येऊ द्या. नोकरी नाही तर नाही, स्थळ तरी बघू.

'वक्तशीर' लिहाच, आणि मे महिन्यात सख्ख्या बहिणीचं लग्न आहे हे लपवा. पल्पची लाइन तेव्हाच रात्रंदिवस चालते, पण आंबे थांबतील. पिकलेल्या हापूसला कुठे घाई असते?

नेतृत्वगुण ठळक अक्षरात हवेत, पुरावा मात्र नको. वाडीच्या गणपतीची वर्गणी जमवून पै-पैचा हिशेब भिंतीवर लावलात, शिमग्यात पालखी कुठल्या घरी किती वाजता जाणार ते ठरवलंत, वर मानपानावरून पेटलेले मुंबईकर आणि गाववाले शांत केलेत, यातलं अवाक्षर लिहू नका. 'डायनॅमिक लीडर' लिहा. क्यूसीचंही तेच. दोन सीझन रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे पल्पमधल्या साखरेचं प्रमाण, बघितला, पीएच नोंदवला, 850 ग्रॅमच्या आणि 3.1 किलोच्या डब्यांची सीम, म्हणजे डबा आणि झाकणाचा सांधा, कापून मायक्रोमीटरने आतले दुमडलेले हुक मोजले, आणि अर्जात काय? 'बारकाईने काम करण्याची आवड'! अहो, सीम सैल राहिली तर डबा गार होताना आत निर्वात होतो आणि बाहेरचं पाणी ओढून घेतो. मग गोदामात डबे फुगतात आणि अख्खी बॅच अडकते. ही चूक ज्याच्या हाताला कळते तो माणूस आम्हाला हवा असतो, आणि तो स्वतःला 'आवड' या एका शब्दात गाडून मोकळा होतो! त्यात या आवडवाल्याच्या अर्जावर पदाचं नाव 'रिसेप्शनिस्ट'. तारकर्लीच्या रिसॉर्टला धाडलेला कागद तसाच इकडे.

पुरे झाली थट्टा. गुण तीनच लिहा, जागेला लागतील तेवढेच. प्रत्येकापुढे एक काम, एक आकडा, एक साल. 'प्रामाणिक' कशाला? दोन सीझन स्टोअरच्या चाव्या तुमच्याकडे होत्या आणि साठा नोंदीशी जुळला, तर ते लिहा ना! 'संगणकाचे ज्ञान' म्हणजे नेमकं काय येतं? एक्सेलमध्ये आवक-जावक मांडता येते का? मराठी टायपिंग 30 झालंय की इंग्रजी 40? आयटीआयचा ट्रेड कुठला, पास कधी झालात? हे विचारायला आम्ही तुमच्या दारात यायचं का? 'वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे' खोडा. ज्या गुणापुढे लिहायला काहीच सुचत नाही, तोही खोडा. अर्धं पान कोरं राहिलं तरी कोणी मारत नाही.

आणि नंबर स्वतःचा द्या रे! मुलाखतीला बोलवायला फोन लावावा तर मामा उचलतात आणि म्हणतात, "तो होय? तो गेला मुंबैला."