पिशवी तयार आहे, सेल घड्याळात आहेत

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कुरडया डब्यात गेलेल्या असतात, छत्र्यांच्या मोडक्या काड्या मोजून झालेल्या असतात, आणि नेमका तेव्हा माझ्या अंगात आपत्ती-व्यवस्थापक संचारतो. माळ्यावरून 'आणीबाणी' असं मार्करने लिहिलेली पिशवी खाली येते. तिच्यात टॉर्च असतो, सेल नसतात. चाकूचं म्यान असतं, चाकू फणस कापायला गेलेला असतो. सेल कुठे गेले हे विचारायची गरजच नसते, कारण हॉलमधलं घड्याळ झकास चाललेलं असतं. पूर येईल तो अगदी वेळेवर येईल, एवढी व्यवस्था आमच्या घराने केलेली आहे.

मग दुकान गाठणं आलं. 'सर्व्हायव्हल'चं सामान विकणाऱ्या दुकानदाराचं एक वाक्य ठरलेलं: "साहेब, हे आर्मी वापरते." कुठली आर्मी, हे तो सांगत नाही. पहिल्यांदा पुढे येतं ते मनगटात घालायचं दोरीचं कडं. त्यात शिट्टी, होकायंत्र, ठिणगी पाडायची कांडी आणि ती घासायची पोलादी पट्टी. पट्टी आणि होकायंत्र दोन बोटांच्या अंतरावर, त्यामुळे काटा उत्तर दाखवायचं सोडून इमाने इतबारे पट्टी दाखवतो. दोरी अस्सल असेल तर आत सात वेगळे पीळ निघतात आणि ती साधारण 250 किलोचा ताण सोसते. नक्कल असेल तर आत नुसता भुसा. कापल्याशिवाय कळत नाही आणि दुकानदार कापू देत नाही. समजा अस्सल निघाली, तरी कडं उसवल्यावर हाती येते जेमतेम तीन मीटर दोरी, आणि ते पुन्हा विणायला बसावं तर पुढचा पावसाळा उजाडतो.

खरी गोम अशी की हे सगळं सामान कुठल्यातरी बर्फाळ जंगलात वाट चुकलेल्या एकट्या माणसासाठी बेतलेलं असतं. आपली आणीबाणी बहुधा आपल्याच घरात, शेजाऱ्यांसकट, गॅसच्या सिलिंडरसकट घडते. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकर जंगलात नव्हता, मोटारीत, लोकलमध्ये आणि ऑफिसच्या जिन्यात होता. 2019ला कोल्हापूर-सांगली आणि 22 जुलै 2021ला चिपळूण, दोन्हीकडे माणसं वरच्या मजल्यावर आणि छपरावर बसून होती. त्यामुळे मासे पकडायच्या गळाचं पाकीट मी परत करतो. आपल्याकडच्या पुरात मासे स्वतः हॉलमध्ये येतात.

खरेदीची सुरुवात टॉर्चपासून करावी, आणि हातातल्या नव्हे, डोक्याला बांधायच्या. तो लावून माणूस खाणीतून सुटी घेऊन आल्यासारखा दिसतो, पण एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात जिन्याचा कठडा असताना टॉर्च काय दातात धरायचा? डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नये, बारीक अक्षरांतला आकडा बघावा. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे उडाले तरी चालेल, आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडला तरी चालेल. या दोहोंमधला फरक दुकानात बोलण्यापुरता वाटतो, गुडघाभर पाण्यात तो फार मोठा असतो. शिवाय झाकणाच्या खाचेतली रबरी रिंग जागेवर आहे का ते पाहावं. ती वाळून तडकली की सातचा आकडा शोभेला उरतो.

चार्जिंगचा टॉर्च की सेलचा? मी सेलवाला आहे. वीज गेल्यावर लागणारी वस्तू विजेवर अवलंबून असू नये, एवढं साधं गणित. त्यातही घरोघरी भिंतीला टांगलेले ते जुन्या पद्धतीचे इमर्जन्सी दिवे! त्यांच्या आत शिसं-ॲसिडची बंद बॅटरी असते. ती सहा महिने रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती चार्ज होतच नाही. वर्षभर वीज गेली नाही म्हणून आपण खूश असतो, आणि त्याच वर्षभरात दिवा निवर्तलेला असतो.

सेल मात्र टॉर्चमध्ये घालून ठेवू नयेत. स्वस्तातल्या साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडं हाच त्याचा एक ध्रुव असतो. वापरात ते आतून झिजत जातं आणि शेवटी भोक पडून चिकट पाणी गळतं. अल्कलाइन सेल जास्त टिकतो, पण तोही गळू शकतो, आणि मग स्प्रिंगवर पांढरी पूड जमते. ती अल्कली असते, म्हणून हातमोजा घालून, कापसाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसली की बऱ्याचदा टॉर्च वाचतो. नवा आणि जुना सेल एकत्र घालण्याची काटकसर महाग पडते, कारण नवा जुन्याला ओढत बसतो आणि जुना गळतो. (संसाराची उपमा इथे अगदी तोंडाशी येते, पण घरात लेख वाचला जातो.) सेल वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि ती टॉर्चलाच रबरबँडने बांधावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट यांच्यासाठी सेलचं एक स्वतंत्र पाकीट उघड्यावर ठेवावं. चोराला हवं ते दारातच मिळालं तर तो तिजोरीकडे जात नाही.

यानंतर पॉवर बँक. वर 10,000 एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे साठवणीचं माप) असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा, म्हणजे 37 वॉट-तास. बाहेर पाच व्होल्ट देताना आणि वाटेतली गळती धरून हातात पडतात सहा-साडेसहा हजार. खोक्याच्या पाठीमागे 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हा खरा आकडा छापलेला असतो, अर्थात मुंगीला वाचता येईल अशा अक्षरांत. 5,000 एमएएचचा फोन त्यावर एकदा पूर्ण आणि वर थोडा चार्ज होतो, दोनदा नाही.

दुकानदार इथे हुकमाचा पत्ता काढतो: पाठीवर सोलर पट्टी असलेली पॉवर बँक. तळहाताएवढी ती पट्टी रणरणत्या उन्हात फार तर एक-दीड वॉट देते. म्हणजे 37 वॉट-तास भरायला पंचवीस ते सदतीस तास कडक ऊन हवं. जुलैत, कोकणात, पूर आलेला असताना. ऊन असतं तर पूर कशाला आला असता? बरं, उन्हात ठेवली तर आतली लिथियम बॅटरी तापून लवकर म्हातारी होते, म्हणजे जिच्यासाठी ऊन शोधायचं तिलाच ते मानवत नाही. दुसरा पर्याय हाताने फिरवायची दांडी. फोनच्या बॅटरीत साधारण 19 वॉट-तास मावतात. छोट्या दांडीतून दोनेक वॉट निघतात. म्हणजे दहा तास दळण! आपल्या आज्यांनी जात्यावर निदान पीठ तरी पाडलं. दांडीचा रेडिओ मात्र घ्यावा, त्याला वीज इतकी थोडी लागते की दोन-तीन मिनिटं फिरवून बातम्या ऐकता येतात. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसल्या आणि फोनला रेंजच उरली नाही, की चार्ज केलेला फोन हा एक महागडा आरसा. म्हणून नंबर कागदावर हवेत: 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी 1077, आणि दोन नातेवाइकांचे. स्वतःच्या भावाचा नंबर पाठ असणारा माणूस आता शोधावा लागतो.

आता ताडपत्री. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण यात ग्राहकाला फसवणुकीविरुद्ध शास्त्रशुद्ध हत्यार उपलब्ध आहे: दुकानातलाच वजनकाटा. 3 जून 2020ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली. अशा वेळी जो निळा कागद हाती येतो तो पहिल्या पावसातच पताका होतो. 12 बाय 15 फुटांची ताडपत्री म्हणजे जवळजवळ 16.7 चौरस मीटर. दुकानदार 200 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम) म्हणाला, तर तिचं वजन तीन किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास भरायलाच हवं. काट्यावर दीड किलो भरलं तर ती नव्वदची आहे. तिथे आवाज चढवायचं कारण नाही, काट्याकडे नुसतं बघायचं. फाटते ती नेहमी धातूच्या कड्यांपाशी. कडं उपटलं तर कोपऱ्यात लिंबाएवढा गुळगुळीत दगड ठेवावा, त्यावर कापड गोळा करून मागून दोरीने गळा आवळावा. वाऱ्याचा ताण एका भोकावर न येता चारी बाजूंनी विभागतो. आणि उतार द्यायला विसरू नये. सपाट बांधलेल्या ताडपत्रीत पाण्याची घागर तयार होते आणि ती रात्री दोन वाजता नेमकी पाहुण्याच्या अंगावर रिकामी होते.

दोरीच्या बाबतीत बाजारातली झगझगीत पिवळी-हिरवी दोरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ती तरंगते, म्हणून पाण्यातल्या माणसाकडे फेकायला तीच चांगली. पण गुळगुळीत असल्याने गाठ सुटते आणि उन्हाने ती आतून मरते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे उलट, पीळ शाबूत दिसतो आणि दोरी केव्हाच संपलेली असते. हातात चुरगळून भुकटी निघाली तर तिच्यावर टॉवेलसुद्धा वाळत घालू नये. ताडपत्रीला आणि बांधाबांधीला नायलॉन बरा, आठ मिलिमीटर जाडीचा. त्याहून बारीक दोरी ओल्या हातात कापते.

टिकाऊपणाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज बुटांमुळे कळतो. महागडे ट्रेकिंगचे बूट घ्यायचे आणि 'वेळप्रसंगी' म्हणून खोक्यात जपून ठेवायचे, ही आपली खास मध्यमवर्गीय रीत. त्यांच्या तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतो, वापरा किंवा न वापरा. चार-सहा वर्षांनी वेळप्रसंग येतो, बूट घालून दहा पावलं टाकली की तळवा मागेच राहतो. रेनकोटच्या आतला लेपही याच रोगाने पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे वस्तू टिकवायची तर ती घालून झिजवावी लागते. गमबूटसुद्धा विचार करून घ्यावेत. चिखलाला ते उत्तम, पण पाणी वरच्या काठावरून आत शिरलं की प्रत्येक पायाला एकेक बादली बांधल्यासारखं होतं. वाहत्या पाण्यात तर कुठलेच बूट उपयोगी नाहीत. वेगाने वाहणारं सहा इंच पाणीही धडधाकट माणसाला पाडतं, आणि फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते.

मोटारीचं निघालंच म्हणून, काच फोडायची हातोडी घेतली असेल तर ती डिकीत ठेवू नये. हसू नका, बहुतेकांची तिथेच असते. ती दरवाजाच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची. पुढची काच दोन थरांत चिकटवलेली असते, ती तडकते पण सुटत नाही.

पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घेताना पाकिटावरची मात्रा वाचावी. वीस लिटरची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकली तर पोहण्याच्या तलावाची चव येते. गढूळ पाण्यात गोळी टाकून उपयोग नाही, क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचं पाणी निवळून घ्यावं, मग गोळी टाकून अर्धा तास थांबावं. तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. गॅस चालू असेल तर खळखळून एक मिनिट उकळणं सगळ्यात सोपं. खाण्याच्या बाबतीत परदेशी 'रेशन बार'चा मोह धरू नये. पातळ पोहे, गूळ, शेंगदाणे आणि मीठ. दडपे पोह्यांना विस्तव लागत नाही, हे ज्याने शोधलं तो आद्य आपत्ती-व्यवस्थापक.

आणि हे सगळं ठेवायचं कशात? बारा कप्प्यांची लष्करी रंगाची सॅक बघून झाली, पाठीला लावून आरशातही बघून झाली. मी निवडली ती भिंतीच्या रंगाची 20 लिटरची रिकामी बादली. घट्ट झाकण, कडी, तरंगते, उलटी करून वर बसता येतं, आणि सुटका झाल्यावर चिखल उपसायलाही होते. आत कागदपत्रं आणि औषधं रुंद तोंडाच्या, आट्याच्या झाकणाच्या बरणीत. झाकण लावलेली बरणी पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का ते आधी पाहावं.

बादलीत न मावणारी एक वस्तू म्हणजे पलंगाशेजारी ठेवलेल्या चपला. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967ला झाला आणि किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993ला, दोन्ही पहाटेच्या अंधारात. फुटक्या काचांवरून अनवाणी दारापर्यंत जाता येत नाही. सोबत एक शिट्टी टांगावी, आतली गोळी नसलेली. गोळीवाली ओली झाली की अडते. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टीला फक्त श्वास लागतो. तीन फुंका, थांबायचं, पुन्हा तीन.

यंदा झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा. कोणी काय नेलं, कधी नेलं, परत कधी आणणार. बादली माळ्यावर जाऊन आठ दिवस झाले. कागदावर तीन नोंदी आहेत. कात्री, राखी बनवायला. मेणबत्ती, वाढदिवसाला. आणि तिसरी माझ्याच अक्षरात: सेल, दोन, घड्याळ बंद पडलं म्हणून.